बर्फावर पडलेला दात

साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं आणि आमचे घरकार बोटीवरून रजेवर आले, ते पुढचा एक दात घालवून. दात कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, "मी कॅनडात बर्फावर पडलंय."

मी सातवी शिकलेली. म्हणजे अक्कल काठोकाठ, फक्त झाकण नाही. वडिलांनी बजावलं होतं, बोटीवरची माणसं पितात. तसं काही दिसलं तर सरळ माहेरी वालावलला निघून ये. मला दारूचा वास लगेच आला, नसलेलाही.

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. तिथल्या धक्क्यावर एक म्हातारा राखणदार होता. तरुणपणी तो बर्फावर हॉकी खेळायचा आणि त्याचा त्याला पगार मिळायचा. बुटांखाली पातं, हातात वाकडी काठी, पुढ्यात रबराची काळी चकती. हिवाळाभर खेळायचं, उन्हाळ्यात घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवायच्या. संघाच्या मालकाच्या मनात आलं की तो खेळाडूला दुसऱ्या गावच्या संघाला विकून टाकी. गुडघा गेला की घरी बसायचं. त्याच म्हाताऱ्याने हौसेने यांना बूट चढवून गोठलेल्या तळ्यावर उभं केलं होतं.

"विकून टाकी? माणूस काय बैल आसा?" मी म्हटलं.

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या विळीच्या पात्याकडे पाहिलं. "पात्यावर उभो ऱ्हवायचो?" मग स्वतःच म्हणाल्या, "आमचो दशावतारी नाय? जत्रेत राजा, पावसात नांगर. पोटासाठी खेळतत मेले."

सासूबाईंना पटलं. माझा मात्र गुंता वाढला. मी मनातल्या मनात धामापूरचं तळं गोठवून पाहिलं, तर काठावरचं देऊळही गोठलं. इतकं खोटं कोणी रचील? आणि खरं असेल, तर इतकं विचित्र कसं?

सकाळी मी बंदरावर गेले. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या भुशात ठेवलेल्या असायच्या. माझा हिशोब सरळ होता: माणूस बर्फावर उभा राहिला तर नवरा खरा, नाहीतर मी वालावलला. पदर खोचला, चढले, आणि तोंडावर आपटले. दात भुशात.

वाळूत बसून विचार करू लागले. उभी राहिले नाही, म्हणजे नवरा खोटा. पण बर्फावर पडून दात गेला, म्हणजे नवरा खरा. तोंडातून रक्त येतंय आणि मी न्यायनिवाडा करतेय!

सूज उतरायच्या आत वालावलला बातमी पोचली की जावयाने दात पाडला. वडील आले.

"कित्याक मारल्यान तुका?"

"मारूक नाय, बाबा. मी बर्फावर पडलंय."

त्यांनी जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि हे?"

"तेपण बर्फावर. पण कॅनडात."

"कापडां भर," वडील म्हणाले.

मी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि दर वेळी खरं जास्तच खोटं वाटत होतं, मलासुद्धा. घरकार तोंडावर हात धरून उभे. हसत होते की रडत, देव जाणे. शेवटी मी वडिलांना ओढतच बंदरावर नेलं, त्या सकाळी शेजारी बसलेल्या मासेवालीकडे.

"माझ्या डोळ्यांदेखत चढलां ह्यां," ती म्हणाली. "माका वाटलां, अंगात वारां इलां."

वडिलांनी बर्फाच्या लादीवर पंजा टेकवून पाहिला. मग हात धोतराला पुसला. "तो म्हातारो पगार घेऊन पडायचो. तू फुकट पडलंस." आणि एकटेच यष्टीकडे गेले.

रजा संपली तेव्हा घरकारांची ट्रंक मीच भरली.

"आता पटलां?" त्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "पण जावा तुमी. आणि त्या म्हाताऱ्याक विचारून येवा, तो उभो कसो ऱ्हवायचो."