ओल्या मातीच्या शेजारी

ओल्या शाडूचा गंध आधी नाकाला नव्हे, कपाळाला जाणवतो. नदीतळाशी निजलेला गारवा कुणी अलगद उचलून भिवयांवर ठेवावा तसा. माझ्या गाडीचे दार उघडले की अजूनही तो हलकेच सामोरा येतो, आणि पौषातल्या त्या धूसर सकाळी मनात उतरू लागतात.

पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकायला निघाले, तेव्हा पेणच्या आमच्या आळीला केवढे कौतुक! “जपमाळ धरायच्या वयात स्टिअरिंग काय धरता!” शेजारच्या वहिनी हसल्या. मीही हसले. पण गतीचे स्वप्न वय विचारून थोडेच पडते?

माझे गुरू जवळच्या जोहे गावचे दामूकाका. उभे आयुष्य त्यांनी टेम्पोतून गणेशमूर्ती गावोगावी पोहोचवल्या. आता ते गाडी चालवायला शिकवतात. मला परवाना मिळाला त्या दिवशी ते म्हणाले, “सरकारची परीक्षा झाली, बाय. माझी ऱ्हायली.” आणि माझ्या गाडीत, शेजारच्या सीटवर, पेंढ्याच्या बैठकीत त्यांनी वीतभर कच्ची मूर्ती ठेवली. नुकतीच साच्यातून निघालेली, सोंड अजून ओलसर. “हिला चीर गेली, तर उद्या परत.”

किती चिरा गेल्या! उशिरा दाबलेल्या ब्रेकची एक, आरशात न पाहता घेतलेल्या वळणाची एक, पर्समध्ये वाजणाऱ्या फोनकडे वळलेल्या निमिषभराच्या नजरेची एक. “फोन उचलाचा नाय, आणि त्याच्याकं बघाचापण नाय,” काका मागून म्हणत. संध्याकाळी भंगलेली मूर्ती ते भिजत घालत आणि पुटपुटत, “माती परत भिजवता येते, बाय.” त्या वाक्याचा उत्तरार्ध ते कधीच उच्चारीत नसत.

हळूहळू मात्र रस्ता मला वाचता येऊ लागला. पुढच्या वाहनापासून राखलेले अंतर ही भीती नसून आदब आहे. वळणाआधी लुकलुकणारा दिवा म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. आणि वेग आवरण्यातही, दीर्घ स्वरावर रेंगाळणाऱ्या गळ्यासारखे, एक सुख आहे. हे मला शाळेत, कवितांच्या सान्निध्यात कुणी का नाही सांगितले?

एके दिवशी सोंड अखंड राहिली. काकांनी ती बराच वेळ निरखली आणि मान खाली घालून म्हणाले, “हिला एकदा रोह्याला ने गो.”

‘हिला’ म्हणजे सुमनकाकींना, त्यांच्या पत्नीला. कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखणाऱ्या या बाई एका पायाने लंगडतात, एवढेच मला ठाऊक होते. उत्तरार्ध त्या दिवशी कळला. सहा वर्षांपूर्वी दोघे रोह्याला मूर्ती पोहोचवून परतत होते. “जाताना खड्डा न् खड्डा चुकवला. टेम्पो मोकला झाला आणि माजा पाय सुटला. मूर्ती उतरल्या, पण शेजारी बायको बसलीय, ते पायाला सांगाचं ऱ्हायलं.” वाटेवरच्या निडी गावाच्या अलीकडे टेम्पो उलटला. तेव्हापासून काकी कुठल्याही वाहनात बसल्या नव्हत्या. आणि आता रोह्याजवळच्या वरसे गावी त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. परवा बारसे होते.

बारशाच्या सकाळी काकी दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. हातावर ओली माती तशीच. निघवेना म्हणून पहाटेपासून त्या मातीकामालाच बसल्या होत्या. “हे चालवनार नाय ना?” त्यांनी विचारले. “नाय गो,” काका म्हणाले, “मी मागं बसतो.” मी सवयीने विचारले, “आज मूर्ती?” काकांनी पेंढ्याची बैठक उचलून बाजूला केली, काकींना तिथे बसवले आणि पट्टा त्यांच्या खांद्यावरून घेऊन स्वतः लावला, अगदी सोंडेला आधार देताना हात जपून फिरावा तसा.

वडखळची मिठागरे मागे सरली, शुभ्र राशी धुक्यात विरघळत गेल्या. नागोठणे सोडल्यावर वालाची शेते लागली, आणि काकींची बोटे दाराच्या मुठीवर आवळत गेली. निडीच्या अलीकडे, शेताच्या पाणंदीतून एक मोटारसायकल डावी-उजवी न पाहता थेट रस्त्यावर आली! माझा पाय आधीच हलका झालेला होता. गाडी थांबली, श्वास थांबावा तितकीच अलगद. काकींच्या मांडीवरचे झबले-टोपडे घडीसकट तसेच होते.

मोटारसायकल निघून गेली. मागच्या सीटवर काकांचा दाबलेला हुंदका ऐकू आला. काकींनी मुठीवरचा हात सोडला, समोरच्या रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “रडता काय? नात वाट बघतेय. चल गो बाय, आता चल.”

वरशाला पोहोचल्यावर त्या स्वतः दार उघडून उतरल्या. हातपाय धुऊन त्यांनी नातीला घेतले, तिच्या मिटलेल्या पापण्यांवरून बोट न टेकवता फिरवले, आणि काका उंबऱ्यावरच उभे राहिले. “या ना आत,” काकी म्हणाल्या. “परत जाताना चालवा तुमीच. पन ह्या बायसारकं.”

दाराच्या मुठीवर त्यांच्या चार बोटांचे मातीचे ठसे राहिले आहेत. आता ते वाळले आहेत. गंध उरला असेल की मलाच भास होतो, कोण जाणे! गाडी धुताना मी तेवढी जागा सोडते. आणि दरवेळी, गाडी सुरू करण्याआधी, शेजारची सीट रिकामी असली तरी तिकडे एकदा पाहते.