दोघींचं स्वप्न

संस्थानच्या दिवसांत मी भोरला शाळामास्तर होतो आणि पुण्याच्या एका मासिकात विज्ञानाच्या अद्भुत गोष्टी लिहायचो. त्यांतली एकच कादंबरी लोकांना आवडली. ती माझी नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बायकोचं माहेर उत्रोली. तिची थोरली बहीण मार्गासनीला दिलेली. दोघींची गाठ वर्षातून एखाद्या वेळी पडायची. त्यांचा एकुलता भाऊ ऐन तरुणपणी तापानं गेला होता. मी त्याला पाहिलंही नव्हतं. एका वर्षी भावकीतल्या लग्नासाठी दोघी उत्रोलीला आल्या. दुपारी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी आत आडवा झालो होतो.

थोरली म्हणाली, "मला एक सपान सारखं पडतंय. गाव आपलंच, पर नदी भलतीकडनं वाहती. दादा बांधावर उबा हाय. फेट्याचा शेव कानाव, तसाच."

बायकोच्या हातातलं सूप थांबलं. "आन् त्याच्या कडंवर पोरगी हाय."

"व्हय. तू तिला गूळ दिलास."

"तू म्हनलीस, लई दिऊ नगं, जंत व्हत्यात."

मी उठून बाहेर आलो आणि विचारत गेलो. एकीनं अर्धवट सोडलेलं दुसरी पुरं करायची. त्या स्वप्नातल्या गावात भावाचा ताप उतरला होता. त्याचं लग्न झालं होतं. त्याची सावळी बायको या दोघींना नावानं हाक मारायची.

"आईच्या कानाव घालू नगा," बायको म्हणाली. "तिला सोसायचं न्हाई."

"नाही घालणार," मी म्हणालो, आणि भोरला परतल्यावर आठवड्याच्या आत लिहायला बसलो. मी त्यात एक शास्त्रज्ञ घातला, त्याचं यंत्र घातलं, आपल्या जगाला लागून दुसरं जग असतं असा सिद्धांत घातला. बाकी सगळं त्या दोघींचं. फेट्याचं कानावरचं टोक, तो शेवसुद्धा ठेवला, कारण तो वाचायला छान वाटत होता. गावाचं नाव तेवढं बदललं आणि वचन पाळल्याचं समाधान मानलं.

काही महिन्यांनी सासूबाई उत्रोलीहून चालत आमच्या दारात आल्या. गावच्या देवळात कोणीतरी मासिक मोठ्यानं वाचलं होतं. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जावईबापू, त्या गावाला कुठनं जायाचं?"

"मामी, ती गोष्ट आहे. मी मनानं रचलेली."

"कान दुकायचा म्हून त्यो शेव कानाव घ्यायचा. त्ये तुमाला कुनी सांगितलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "हितला गेला. म्या त्याला मांडीव घिऊन बसले व्हते. पर तिकडं आसंल, तर लांबनं बगून यीन. बोलायची बी न्हाई."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तुमच्या लेकींना तो स्वप्नात दिसतो, सुखात आहे, एवढं मी सांगायला हवं होतं. पण मग कादंबरी माझी उरली नसती. गावातले लोक मला नुकतेच लेखक म्हणू लागले होते.

"फेट्याचं सहज लिहिलं," मी म्हणालो. "पुष्कळ जण तसाच बांधतात."

सासूबाईंनी लेकीकडं पाहिलं. "तुला काय ठावं हाय का गं?"

माझी अब्रू राखायला ती म्हणाली, "न्हाई, आई."

आईला वेशीपर्यंत सोडून बायको परत आली.

"छापल्यापासनं त्यो मला दिसला न्हाई," ती म्हणाली. "अक्काला बी न्हाई. तिनं निरोप धाडला व्हता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी लिवलं आसतं."

पुढं प्रकाशकानं पुस्तक मागितलं. मी नाही म्हणू शकलो असतो, पण दिलं. वर अर्पणपत्रिकेत 'पत्नीस' असं छापून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं आणि ते पान मी तिला कधी वाचून दाखवलं नाही. सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात मी रोज उत्रोलीला जायचो, उशाशी बसायचो. त्या शुद्धीवर असायच्या, शाळेची चौकशी करायच्या. त्या गावाबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.