तीर्थ खाली ठेवत नाहीत

वसुधाकाकूंनी बारा वर्षं डूख धरला, असं मी कुठे बोलले तर त्या मला तिथल्या तिथे दुरुस्त करतील. बारा नाही, सहा. पहिली सहा वर्षं डूख धरण्यासारखं काही घडलंय हेच त्यांना माहीत नव्हतं.

मी वैदेही. फ्रीमाँटमध्ये काकूंच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि सकाळी साडेसहाला त्यांचा मिक्सर मला उठवतो. मी पुण्याहून नोकरी करायला आले, त्या एकोणऐंशी साली ठाण्याहून संसार करायला आल्या. संसार करता करता चोवीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात खिडकीवर बसल्या. डोळे तपासायचे, पेपर तपासायचे आणि नापास झालेल्याला तोंडावर नापास म्हणायचं. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांच्या आयांना त्यांनी नापास केलंय. "ओळख घरी. खिडकीवर आलात की अक्षरं वाचायची," असा खाक्या. चोवीस वर्षांत कुणाला खोटं पास केलं नाही आणि कुणाला खोटं नापासही केलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

दोन हजार चौदा हे तिबेटी लोकांचं घोड्याचं वर्ष होतं. बारा वर्षांनी येतं. त्या वर्षी कैलासाला एक परिक्रमा केली की तेरा परिक्रमांचं पुण्य मिळतं म्हणतात. पुण्याचा असा सेल लागल्यावर आपली माणसं मागे राहतात होय? हृदयाचे डॉक्टर हेमचंद्र राजाध्यक्ष यांनी बे एरियातून अकरा जणांचा ग्रुप काढला. त्यात काकू होत्या आणि त्यांचे यजमान सुमंतकाका होते. ल्हासाहून चार दिवस बसने धूळ खात मानसरोवर, तिथे स्नान, मग कैलासाच्या पायथ्याशी दारचेन नावाचं गाव. उंची पंधरा हजार फूट. तिथून पुढे तीन दिवस पायी किंवा घोड्यावर.

दारचेनला कळलं की अकरा घोडे सांगितले होते आणि आलेत दहा. वर्ष घोड्याचं आणि तुटवडा घोड्यांचाच.

त्या सकाळी काकू गेस्टहाउसच्या अंगणातल्या नळावर सुमंतकाकांचे मोजे धूत होत्या. डॉक्टरांनी हाक मारली, काकू हात झटकत गेल्या, डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा आला बहात्तर. डॉक्टरांचा नियम त्यांनी निघायच्या आधीच सगळ्यांना छापून दिला होता: ऐंशीच्या खाली आकडा आला तर परिक्रमा नाही, अपवाद नाही. काकूंनी नियमाशी कधी हुज्जत घातली नव्हती. त्या खाली राहिल्या. त्यांचा घोडा डॉक्टरांच्या मेव्हण्याला, शिवला मिळाला. घोडा कमी म्हटल्यावर आधी तो चालत येतो म्हणाला होता, पण आयत्या वेळी त्याचा गुडघा धरला होता.

निघण्याआधी सुमंतकाका काकूंसाठी चहा घेऊन आले. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला तो पहिला चहा, आणि शेवटचाही. "पुढच्या घोड्याच्या वर्षी आपण दोघं मिळून जाऊ," म्हणाले आणि गेले. तीन वर्षांनी ते एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या वारले.

त्या चहाची गोष्ट काकूंनी मला शंभर वेळा सांगितली असेल. परिक्रमा हुकली पण चहा मिळाला, असं म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. दर वर्षी मंडळात डॉक्टर कैलासाच्या स्लाइड्स दाखवायचे. दारचेनचा फोटो आला की ठरलेला विनोद: "आणि इथे वसुधावहिनींनी आमचं सामान राखलं!" हॉल हसायचा. काकूही हसायच्या.

मग आला कोविड. घराघरांत तो चिमटा आला. एका संध्याकाळी काकूंनी गार पाण्यात भांडी घासली, हात पुसले आणि सहज चिमटा लावला. एकोणऐंशी! त्यांनी भिंत बडवली. मी मास्क लावून दारात उभी राहिले आणि नर्स-लाइनला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की बोट गार असेल तर हे यंत्र खोटं बोलतं, हात चोळा, गरम करा, पुन्हा मोजा. काकूंनी हात चोळले. सत्त्याण्णव.

मी हुश्श केलं. काकू मात्र चिमट्याकडे बघत बसल्या.

"वैदेही, मी तेव्हा मोजे धूत होते."

"कधी?"

"दारचेनला. तो हार्टचा डॉक्टर आहे गं. त्याला हे माहीत नसेल?"

त्या रात्रीपासून डूख सुरू झाला. लायसन्सच्या खिडकीवरच्या बाईला कुणीतरी खोटं नापास केलं होतं, आणि तेही मेव्हण्याच्या गुडघ्यासाठी. सुमंतबरोबर जायची एकच संधी होती, ती त्या माणसाने खाल्ली. काकू डॉक्टरला पाण्यात पाहू लागल्या, पण चेहऱ्यावर रेघ हलली नाही. उलट दिवाळीला डॉक्टरांकडे चकल्यांचा डबा जाऊ लागला.

आणि दर शनिवारी आम्ही मिशन पीक चढू लागलो. आमच्या गावामागचा उघडाबोडका डोंगर. काकू पाठीवरच्या सॅकमध्ये बासमतीची दहा पौंडांची पिशवी घालायच्या. वर्षभराने वीस पौंड झाले. तिबेटची सीमा बंद होती तेव्हाही चढत होत्या. मी माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईच्या मागे धापा टाकत चालायचे आणि मनात म्हणायचे, सूड हा व्यायाम म्हणून काही वाईट नाही.

पुन्हा घोड्याचं वर्ष आलं. डॉक्टर पंच्याहत्तरीचे झाले होते, हात थरथरायला लागले होते. जानेवारीत त्यांच्या घरी मीटिंग झाली. "ही माझी शेवटची यात्रा," ते म्हणाले. "हेल्थ चेक या वेळी वहिनी करतील. त्यांना सवय आहे आणि अक्षरही छान आहे." त्यांनी स्वतःच्या हातांनी रजिस्टर आणि चिमटा काकूंना दिला. काकूंनी दुसऱ्या दिवशी जाऊन ऐंशीचा तो नियम, खाली डॉक्टरांच्या सहीसकट, लॅमिनेट करून आणला.

"काकू, काय करणार आहात तुम्ही?" मी विचारलं.

"मी? मी आकडे लिहिणार."

जूनमध्ये आम्ही बारा जण निघालो. ल्हासा, शिगात्से, सागा. सपाट तपकिरी पठार, कुठेतरी याकचा कळप, आणि बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर थेपल्यांचं पाकीट. रोज सकाळी काकू आमची बोटं मोजायच्या. आधी हात चोळायला लावायच्या, गरम पाण्याचा मग धरायला द्यायच्या, मगच चिमटा. डॉक्टरांनाही. ते एकदा म्हणाले, "वहिनी, अगदी प्रोफेशनल काम आहे तुमचं!" काकूंनी मान डोलावली.

मानसरोवरावर आम्ही बाटल्या भरल्या. फ्रीमाँटमधल्या चाळीस घरांना तीर्थ न्यायचं होतं. दारचेनला पोचल्यावर काकूंनी त्यातली एक स्टीलची बाटली खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. रात्रभर. मी पाहिलं, आणि मला कळलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

सकाळी जेवणाच्या खोलीत सगळे रांगेत उभे राहिले. भिंतीला लॅमिनेट केलेला नियम टेकवलेला होता.

"डॉक्टर, एवढी बाटली धरता? झाकण नीट बसत नाहीये, सांडायला नको," काकू म्हणाल्या. "तीर्थ आहे, खाली ठेवू नका हं."

डॉक्टरांनी हातमोजे काढून बाटली दोन्ही हातांत घेतली. तीर्थच ते, खाली कसं ठेवणार? आणि हातमोजे घालून तरी कसं धरणार? काकूंनी एकेकाचा आकडा घेतला. सावकाश. अकरा नावं, अकरा आकडे, प्रत्येकाची चौकशी. झोप लागली का, डोकं दुखतंय का. माझं सत्त्याऐंशी. त्यांचं स्वतःचं अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर या हातातून त्या हातात बाटली घेत उभे होते. बोटांची टोकं पांढरी पडलेली मला दिसत होती.

"हं, आता तुम्ही." काकूंनी बाटली काढून घेतली आणि लगेच चिमटा लावला.

एकोणसत्तर.

डॉक्टरांनी आकडा पाहिला. मग आपली बोटं पाहिली, बाटली पाहिली, आणि शेवटी काकूंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. मला ते वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं: हात गार आहेत, पुन्हा मोजा. पण ते वाक्य म्हटलं की पुढचं वाक्य काकूंचं होतं, आणि ते ऐकायला दहा माणसं उभी होती. बारा वर्षांपूर्वीच्या ग्रुपमधलेही चौघे त्यांत होते.

"बोला ना डॉक्टर," काकू अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "काही म्हणायचंय का?"

डॉक्टरांनी तोंड मिटलं. "नो," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि बाकावर बसले.

काकूंनी रजिस्टरमध्ये सुंदर अक्षरात एकोणसत्तर लिहिलं. मग सॅक पाठीला लावत म्हणाल्या, "आमचं सामान तेवढं राखा हं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हाताऱ्या माणसाचा अपमान बघून आनंद होऊ नये, पण झाला. असं उट्टं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शिवी नाही, आवाज नाही, आणि त्या माणसाच्या तोंडाला कुलूप लावलं ते त्याच्याच नियमाचं.

काकूंनी घोडा घेतला नाही. तीन दिवस त्या काठी टेकत चालल्या. पहिल्या संध्याकाळी ढग हटले आणि कैलासाची उत्तरेची भिंत समोर उभी राहिली. आम्ही बाकीचे सगळे रडलो. काकूंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तो डॉक्टर तिथे खोलीत बसला असेल."

दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड. साडेअठरा हजार फूट. तिथे लोक आपली किंवा आपल्या गेलेल्या माणसाची अंगावरची एखादी वस्तू ठेवतात. काकूंनी सॅकमधून सुमंतकाकांची निळी कानटोपी काढली. काकूंनीच विणलेली, चौदा साली काका तीच घालून वर आले होते. रंगीत पताकांच्या खाली दगडाशी ती ठेवून त्या खाली बसल्या आणि या यात्रेत पहिल्यांदा रडल्या. "ये रे," म्हणाल्या. "माझ्याबरोबरची तुझी परिक्रमा राहिली होती ना? झाली बघ आता." मी बाजूला झाले. त्या बऱ्याच वेळाने उठल्या, तेव्हा चेहरा अगदी मोकळा होता.

तिसऱ्या दुपारी आम्ही दारचेनला परतलो. डॉक्टर अंगणात उन्हाला बसले होते. हातात गरम पाण्याचा मग. बाकीचे आत गेल्यावर त्यांनी बोट पुढे केलं.

"वहिनी, आता गरम आहे. लावा."

काकूंनी चिमटा लावला. शहाऐंशी.

"नियमात बसतं," डॉक्टर म्हणाले.

"बसतं."

"तुमचंही बसलं असतं. मला माहीत होतं." त्यांनी हातातला मग खाली ठेवला. "पण मी तेव्हा सुमंतला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वहिनींचे हात गार आहेत, दहा मिनिटांनी परत मोजू, आणि घोड्यासाठी चिठ्ठ्या टाकू. तो म्हणाला, नको मोजूस यार. ती हळू चालते, सारखं तिच्यासाठी थांबावं लागेल, माझी सगळी ट्रिप तिला सांभाळण्यात जाईल. राहू दे तिला खाली, घोडा शिवला दे." त्यांनी बोटावरचा चिमटा काढला. "मी ऐकलं. मला ते सोयीचं होतं. माझी चूक आहेच. मग तो किचनमध्ये चहा करायला गेला."

माझं डोकं फिरलं. "मेलेल्या माणसावर ढकलताय, डॉक्टर? लाज वाटत नाही? ते काय येणार आहेत खरं-खोटं करायला?"

काकूंनी माझा हात धरला.

"खरं बोलतोय तो," त्या म्हणाल्या. "जन्मात चहा न करणारा माणूस नेमका त्याच सकाळी करून आणतो? आणि सुमंतला मी चहात साखर किती घेते तेही माहीत नव्हतं. मी घेतच नाही. त्या चहात चार चमचे होती. मी म्हटलं, प्रेमाने घातली असेल."

डॉक्टर मान खाली घालून बसले. काकू मागे वळून ज्या वाटेने आलो होतो तिकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा गेला होता आणि खिडकीवरची बाई परत आली होती.

"वैदेही, आपलं परमिट किती दिवसांचं उरलंय?"

"दोन. का?"

"मला परत वर जायचंय," काकू सॅकचा पट्टा ओढत म्हणाल्या. "ती टोपी काढून आणायचीय."