मावशींचं आठ तासांचं मटण

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, की मावशी दोन्ही कानांवर हात ठेवून डोळे गच्च मिटायच्या. पासष्टीची बाई, पण लहान पोरीसारखी दचकायची. राहुरीतल्या आमच्या गल्लीत त्या सगळ्यांच्याच मावशी कशा झाल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी.

भित्र्या किती म्हणाल? सिलिंडरवाला आला, की या रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या. तिथूनच ओरडायच्या, "झालं का रं? पेटलं न्हाई ना काही?"

अशा बाईला दुबईच्या पुतणीनं स्लो कुकर पाठवला. विजेचं भांडं; ना शिट्टी, ना जाळ. मटण घालायचं आणि आठ तास विसरून जायचं. मावशींचा त्याच्यावर जीवच जडला. "मटनाला घाई केली की ते रुसतं, पोरी," असं म्हणत सकाळीच नळ्या, आलं-लसूण, काळा मसाला घालून बटण फिरवायच्या. दुपारपर्यंत वासानं गल्ली वेडी व्हायची.

खरी भीती मात्र भाच्याची. तो राहात्याहून महिन्याला यायचा आणि दर वेळी बजावायचा, "एकटी ऱ्हातीस, ऱ्हा. पन एकदा जरी आजारी पडलीस ना, तर सामान भरून नेनार." त्याच्या घरी सगळे माळकरी. "तिथं मटनाचं नुसतं नाव काढलं तरी भांडी घासत्यात," मावशी सांगायच्या. हसत सांगायच्या.

माझ्या वडिलांना, अण्णांना, टायफॉइड झाला. ते उठून बसू लागले तशा मावशी रोज त्यांच्यासाठी नळ्यांचं सूप करू लागल्या. एका शनिवारी मावशींना डोळे दाखवायला नगरला जायचं होतं. भांडं लावून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "लाईट गेली तर तसंच ठिवू नगं. लगीच गॅसवर उकळ. इसरशील?"

"मावशी, शाळेत शिकवते हो मी!" मी म्हणाले.

शाळा सकाळची. सुटल्यावर घरी यायला हवं होतं. गेले साड्यांच्या सेलला. चार वाजता मावशींचं दार उघडलं तर भांड्याचा लाल दिवा लागलेला, सूप कोमट. कोमट का, एवढासुद्धा विचार मी केला नाही. अण्णांना वाटीभर पाजलं. मग दळण आणायला गेले, तर गिरणीवाला म्हणाला, "अजून न्हाई झालं, बाई. दहापासनं लाईटच न्हवती. आत्ता आली."

म्हणजे सूप सहा तास तसंच पडलं होतं. धावत घरी आले. अण्णा झोपले होते. मी त्यांच्या पोटाकडे बघत बसले. पोट हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती. देवा, साडीपायी बापाला मारलं की काय मी!

पाचला मावशी आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं. "अगं, वाटीभरानं काय हुतंय? येडी कुठली!" पण माझं रडं थांबेना. शेवटी मला आपल्या घरी नेऊन त्यांनी सरळ भांड्यात वाटी बुडवली आणि उभ्या उभ्या सूप प्यायल्या. एक वाटी, मग दुसरी. "हे बघ. झालं का मला काही?"

अण्णांना काहीच झालं नाही. मावशींना दिवेलागणीपासून उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले. माझ्याकडे न बघता मावशीच म्हणाल्या, "नगरला, स्टँडवरचं."

तीन दिवसांनी भाचा टेम्पो घेऊन आला. "एकटी फिरती, कुठंबी खाती. आता बास झालं." सामान चढलं. मावशी पुढच्या सीटवर बसल्या, पदर तोंडाशी. चूक हिची नाही, माझी आहे, एवढं सांगितलं असतं तर कदाचित तो थांबलाही असता. सांगायचंच असं ठरवून मी बाहेर आले होते. पण गल्ली जमली होती. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया उभ्या होत्या. मी घाबरले.

भाच्यानं मलाच विचारलं, "बाई, तुमी शेजारी. खरंच स्टँडवरचं खाल्लं हुतं का हिनं?"

"हो," मी म्हणाले. "भजी खाल्ली म्हणत होत्या."

मावशींनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, बरं केलंस म्हणावं तशी. टेम्पो सुरू झाला.