डोळे मिटून नेम

माझ्या जुन्या रायफलला नवी नळी बसवून आणली होती. आज नेमबाजीच्या रेंजवर ती नव्या नळीनं पहिल्यांदा चालवायची, म्हणून सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"अगं, किती ठिगळं लावशील तिला? नवीनच घे की!" म्हणत माझ्यासोबत सराव करणाऱ्या माधुरीताईंनी आपली कोरी रायफल माझ्या हातात दिली.

आम्हा नेमबाजांची एक रीत आहे. नेम धरून डोळे मिटायचे, संथ श्वास घ्यायचा आणि डोळे उघडायचे. नेम जागेवर असला, तर बंदूक आपल्या अंगाची झाली.

ताईंच्या बंदुकीनं नेम धरला, डोळे मिटून उघडले, तर समोर शेजारच्याचं लक्ष्य! नव्या घरात दिव्याचं बटण चाचपडावं लागतं, तसंच हे. जुन्या घराला कितीही नवा रंग द्या, हात अंधारातही बटणावरच जातो.

मग मी माझी उचलली. नळी नवी, दुर्बीण नवी, चापही नवा. लाकडी दस्ता मात्र तोच, माझ्या गालानं गुळगुळीत झालेला. गाल टेकला, डोळे मिटले, श्वास सोडला आणि उघडले.

दूरवरचा काळा गोल दुर्बिणीच्या अगदी मधोमध होता.

"ताई, नेम हलला नाही हो!" मी ओरडलेच. पहिली गोळी अजून झाडायची होती, पण मी जिंकून बसले होते.