पुटकुळी कुठल्या बोटाखाली

टायपिंगच्या क्लासला आम्ही दोघी जावा जोडीनं जायचो, पण त्याचं कारण प्रेम नव्हतं. सून एकटी कसबा बावड्याहून राजारामपुरीपर्यंत बसनं गेलेली सासूबाईंना खपणार नव्हती, म्हणून एकीवर राखण दुसरीची. सासऱ्यांनी एका पतसंस्थेत टायपिस्टच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. जागा एक, सुना दोन. सासूबाईंनी निकाल आधीच देऊन टाकला होता. इंग्रजी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा जी पास होईल ती ऑफिसात, दुसरी चुलीपुढं. दोघी झाल्या तर मान थोरलीचा. म्हणजे माझी सुटका व्हायची तर मी पास आणि अक्का नापास, असा दुहेरी योग जुळून यायला हवा होता. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ.

क्लासचे सर कट्टर होते. बोटांनी बघायचं, डोळ्यांनी नाही, हा त्यांचा धर्म. प्रत्येक मशीनच्या कळांवर त्यांनी लाकडी झाकण बसवलं होतं. त्याखाली हात घालून ए-एस-डी-एफ बडवायचं. बोट एकदा वर गेलं की परत जागेवर येताना हमखास शेजारच्या कळीवर पडायचं, आणि सरांची पट्टी टेबलावर वाजायची. आता माझ्या नातवाच्या कॉम्प्युटरवर एफ आणि जे या कळांना बारीकसा उंचवटा असतो. बोट आपसूक घरी येतं. आमच्या मशीनना तसलं काही नव्हतं. मग ते आम्हीच केलं.

झाकण आमच्यावर पहारा ठेवायला होतं, पण त्याखाली काय चाललंय ते सरांनाही दिसत नव्हतं. मी एफ आणि जेवर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला, वाळला की त्यावर दुसरा. बघता बघता सुरेख पुटकुळी आली. अक्कानं नुकत्याच निघालेल्या मखमली चिकट टिकल्या एकावर एक लावल्या. पण लावल्या कुठं, तर डी आणि केवर, मधल्या बोटांखाली. वर्षानुवर्षं चिमटीत धरून भाकरी उलटल्यामुळं तिच्या तर्जन्यांची टोकं पार निबर झाली होती. त्यांना तवा कळत नव्हता, तिथं टिकली काय कळणार?

परतीच्या बसमध्ये आमचं यावरून भांडण ठरलेलं. मी म्हणायची, माझी पुटकुळी जन्माची आहे, तुझी घामानं निघते. अक्का म्हणायची, तुझी गुळगुळीत आहे, बोट घसरतं, माझ्या मखमलीवर कसं बसून राहतं. एकदा आम्ही हट्टानं खुर्च्या बदलल्या. सवयीनं माझी तर्जनी तिच्या टिकलीवर गेली आणि सगळा हातच एका कळीनं सरकला. टी-एच-ई, ‘द’ लिहायला जावं तर कागदावर आर-जे-डब्ल्यू. अक्काचा कागद त्याहून थोर होता. हसून हसून तिला उचकी लागली आणि दोघींना सरांची पट्टी ऐकावी लागली.

परीक्षेला मशीन आपापल्या क्लासची नेत. आमची हातगाडीवरून एका शाळेत गेली आणि हमालांनी ती उतरवून जमतील तशी मांडली. झाकणं क्लासमध्येच राहिली होती. टेबलांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या; माझ्या बरोब्बर पुढ्यात अक्का. घंटा झाली. मी वर न बघता बोटं ठेवली, आणि तर्जनीला मखमल लागली.

मशीन बदललं होतं. माझं अक्कापुढं होतं आणि ती गुणी बाई, सरांची शिकवण पाळून, कळांकडं ढुंकूनही न बघता बोटं टेकवत होती. आता उठायचं नाही, बोलायचं नाही. खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. टाइप कर म्हटलं, अक्का, सगळा उतारा उचकीच्या भाषेत टाइप कर. पतसंस्थेची खुर्ची मला दिसायलाही लागली होती. पण त्या निबर बोटांकडं लक्ष गेलं आणि मला ते बघवेना. स्वतःचा भयंकर राग आला.

अक्काला दाखवायला मी दोन्ही टिकल्यांच्या चळती नखानं उचकटल्या. तेवढ्यात पर्यवेक्षक आले. लपवायला जागा नाही, म्हणून चिकटवल्या कपाळावर, माझ्या टिकलीच्या वर एक, खाली एक. ते थांबले. हा काय प्रकार, म्हणून विचारलं. मी हळूच सांगितलं, अंबाबाईचा नवस आहे. माणूस कोल्हापूरचा, त्यांनी हात जोडले आणि पुढं गेले. पण त्या कुजबुजीनं अक्कानं मान वर केली. माझ्या कपाळावर एकाखाली एक तीन टिकल्या बघून तिचे डोळे विस्फारले, मग खाली गेले. तिनं बोटं उचलली, नीट ठेवली आणि मशीन असं चालवलं की माझ्या टेबलालाही हादरे बसत होते.

मी मात्र नवसात आणि रागात वेळ घालवून बसले होते. हात घसरला तो घसरलाच.

निकाल लागला. अक्का पास, मी नापास. सासूबाई म्हणाल्या, ठरलंय ते ठरलंय. मी आठवडाभर अक्काशी धड बोलले नाही. ती नापास झाली असती तर मला खुर्ची मिळायची आशा तरी राहिली असती, आणि हे तिला माहीत होतं, याचाच मला जास्त राग होता.

ऑफिसच्या पहिल्या दिवशी ती नवी चप्पल घालून उंबऱ्यात थांबली आणि सासूबाईंना म्हणाली, “आत्याबाई, आजपास्नं ही सांच्याला क्लासला जाणार हाय. सरास्नी सांगून आलोय मी.”

“एकटी?” सासूबाई म्हणाल्या. “आन् सांच्याच्या भाकरी कोण करणार?”

“व्हय, एकटी. भाकरी मी करतो की येऊन.”

ती वळून बघायलाही थांबली नाही. माझा राग अजून गेला नव्हता. तरी संध्याकाळी मी चपला शोधल्या आणि बस गाठली.