दत्तोपंतांचा बडग्या

कवडू बुरुड मनुष्य चांगला, पण राग त्याच्या नाकावर कायमचा मुक्कामाला. बांबू चिरता चिरता कोणी उलट बोललं की हातातली कामटी त्याच्या पाठीवर बसलीच म्हणून समजा. एका गिऱ्हाइकाने सुपाला नावं ठेवली, तर कवडूने ते सूप त्याच्या डोक्यावर फोडलं आणि वर दुसरं फुकट दिलं. त्याची बायको देवकी म्हणायची, "यायले देवानं जीभ देली, पन बोलतेत हातानंच." ते खोटं नव्हतं. राग आला की कवडूचे शब्द घशात अडकत आणि मूठ पुढे येई.

म्हणूनच बोलणाऱ्या माणसांचं त्याला भारी कौतुक. पंचवीस सालच्या सुमारास नागपूरच्या म्युनिसिपल कमिटीची निवडणूक आली. घर स्वतःचं असल्यामुळे कवडूला मत होतं. आणि त्याच घरावर संकट होतं. बुरडांच्या आळीतून सरळ रस्ता काढून तो धान्यबाजाराला जोडायचा, असं कमिटीच्या अध्यक्षांनी, रावबहादुरांनी, मनात घेतलं होतं. रस्ता आला की आळी गेली. तेव्हा दत्तोपंत वकील उमेदवार म्हणून आळीत आले, कवडूच्या अंगणात तट्ट्यावर मांडी घालून बसले आणि छाती ठोकून म्हणाले, "हा रस्ता व्हायचा तर माझ्या अंगावरून जाईल."

कवडूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला जे बोलता येत नाही ते हा माणूस बोलेल, एवढंच त्याला हवं होतं. त्याने मत तर दिलंच, शिवाय दुसऱ्या उमेदवाराचा माणूस आळीत शिरला त्याला धरून नालीत लोळवलं. दत्तोपंत निवडून आले. त्यांच्या गळ्यातला पहिला हार कवडूचा होता.

रस्त्याचा ठराव यायचा त्या दिवशी कवडू धुतलेलं धोतर नेसून सभेत गेला आणि मागे भिंतीशी उभा राहिला. दत्तोपंत उठले. "अध्यक्ष महाराजांच्या दूरदृष्टीबद्दल मला नितांत आदर आहे," ते म्हणाले. कवडूने मान डोलावली. वकील आधी गोड बोलतात आणि मग घाव घालतात, असं त्याने ऐकलं होतं.

"तथापि काही रहिवाशांची किंचित गैरसोय होण्याचा संभव आहे."

रावबहादुरांनी पानाच्या डब्यातून नजर वर केली. "म्हणजे तुमचा विरोध आहे?"

"विरोध असं नव्हे. एक नम्र सूचना."

"मग मत कुठे मोजायचं?"

"मी तटस्थ राहीन म्हणतो," दत्तोपंत म्हणाले आणि कोटाचा पाठभाग सावरून खाली बसले.

तटस्थ म्हणजे काय, ते कवडूने शेजारच्या चपराशाला विचारलं. "म्हंजे हो बी नाई आन् नाई बी नाई," चपराशी म्हणाला. हे डोक्यात शिरायला कवडूला थोडा वेळ लागला. मग तो बाक ओलांडून पुढे धावला. चपराशांनी त्याला मध्येच पकडलं. एकाच्या मनगटाचा त्याने लचका तोडला, तेव्हा त्यांनी त्याला जिन्यावरून खाली ढकलून दिलं. तो पायरीवर रक्त थुंकत बसला असताना दत्तोपंत खाली आले, वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कवडू, असं करू नये. सनदशीर मार्ग असतो."

सनदशीर मार्गाने मग पोळ्याच्या आधी पोलीस आले. त्यांच्यामागे सब्बल-पहारी घेतलेले मजूर. आळीतले लोक वाटेत आडवे झाले आणि लाठ्या सुरू झाल्या. म्हातारे पाहिले नाहीत, बायका पाहिल्या नाहीत. शालिकराम बुरुड डोकं धरून नालीत पडला तो तिथेच राहिला. देवकी दाराची चौकट धरून उभी होती. शिपायाने तिच्या कोपरावर लाठी हाणली आणि वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. बांबूत जन्म गेलेल्या कवडूने तो आवाज बरोबर ओळखला. त्याने शिपायाची लाठी हिसकून त्याच्याच तोंडावर घातली, पुन्हा घातली, आणि मग चौघे त्याच्यावर तुटून पडले. मातीत तोंड खुपसून पडल्या पडल्या त्याने आपली भिंत कोसळताना पाहिली.

कोपऱ्यावर छत्री उघडून दत्तोपंत उभे होते. "शांतता राखा! शांतता राखा!" असं ते ओरडत होते. पाठ पोलिसांकडे होती आणि तोंड खाली पडलेल्यांकडे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. गावची ईडापीडा त्या अक्राळविक्राळ बाईच्या पुतळ्याच्या माथी मारून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. तिच्यासोबत पुरुषांचेही पुतळे असतात, ते बडग्या. वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा, वाटेत वाटेल त्याने त्याला सोटा हाणायचा आणि शेवटी आगीत घालायचा. बुरडांची आळी तर आता मैदानात तट्टे उभारून राहत होती, तरी तिचा बडग्या निघणार होताच. सगळ्यांना वाटलं, यंदा रावबहादूर.

"रावबहादूर तं दुश्मन हाये," कवडू म्हणाला. "दुश्मन मारतेच. आपला मानूस काहून नाई बोलला?"

त्याने सांगाडा बांधला, कागद चिकटवला, काळा कोट घातला, पगडी बसवली. तोंड मात्र जमलं नाही. कवडूचा हात बांबूवर चाले, रंगावर नाही. काळा कोट आणि पगडी रावबहादुरांचीही तशीच; आळीतल्या माणसांना सांगितलं म्हणून कळलं की हे दत्तोपंत.

मिरवणूक महाल भागात दत्तोपंतांच्या घरासमोर आली. "घेऊन जा गे मारबत!" म्हणत गर्दी उसळत होती. दत्तोपंतांनी सज्जातून तो काळा कोट आणि ती पगडी पाहिली आणि त्यांना रावबहादूर दिसले. आपल्याला जाळण्याइतकं कोणी मोजत असेल, हे त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हतं. रावबहादूर कागदाचे, गर्दी आपली, पोलीस लांब. दत्तोपंत धावत खाली उतरले. एकाच्या हातातला सोटा घेतला आणि बडग्याच्या पोटात असा काही हाणला की सांगाडा कडाडला.

"गरिबांची घरं पाडतोस?" ते ओरडले. "हा जनतेचा तळतळाट आहे! हाणा रे!"

असा आवाज त्यांच्यात होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा रस्ता हसू लागला. कवडू हसला नाही.

"पंत," तो म्हणाला, "हे रावबहादूर नोहेत. हे तुमी आहा."

दत्तोपंतांचा हात वरच राहिला. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि ओशाळं हसून सोटा हळूच परत केला. "असं होय. बरं, बरं. लोकभावना आहे."

"कागदाच्या मानसावर एवढं ओरडता येते तुमाले! मंग त्या दिवशी..." पुढचे शब्द कवडूच्या घशात अडकले आणि हात सुटला. बांबूचा पहिला तडाखा पगडीवर, दुसरा तोंडावर. दत्तोपंत उंबऱ्यावर कोसळले. ओठ फाटला, काळ्या कोटावर रक्ताची धार लागली. कवडू मारत सुटला. लोकांनी मागून मिठी मारून ओढला तेव्हाच थांबला.

फौजदार आला. "वकीलसाहेब, कोणी मारलं?"

दत्तोपंतांनी कवडूकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या गर्दीकडे.

"सांगा ना जी!" कवडू ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे शब्द मुठीच्या पुढे धावले. त्याने दोन्ही मनगटं पुढे केली. "मी मारलं म्हनून सांगा! डोळ्यानं पाह्यलं ना तुमी? मले जेलात टाका, फाशी द्या, पन एकडाव तरी तोंड उघडा, पंत!"

दत्तोपंतांनी उपरण्याने ओठ टिपला. "पाय घसरला," ते म्हणाले. "कोणाबद्दल तक्रार नाही."

"मी मारलं, फौजदारसाहेब! ह्या हातानं!"

"अबे चल, हट," फौजदार म्हणाला आणि त्याला लाठीने बाजूला लोटलं. मिरवणूक पुढे गेली. बडग्या जळताना पाहायला कवडू थांबला नाही.

मैदानात देवकी मोडका हात गळ्यात बांधून चुलीपाशी बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "त्याले मारलं म्हन्तेत तुमी?"

"मारलं."

"मंग? काय म्हनला थो?"

कवडू तिच्यासमोर मातीत बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला.

"मारल्यावर बी नाई बोलला वं थो," तो म्हणाला. "आता मी कोनाले मारू?"